वजनकाट्यावरचा कचरा

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात सलग सहा दिवस घंटागाडी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या बादल्या ओसंडल्या, चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर पिशव्या येऊन पडू लागल्या. पाचव्या दिवशी आम्ही चारपाच जण क्षेत्रीय कार्यालयात गेलो. तिथे उत्तर मिळालं, गाड्या ठेकेदाराच्या आहेत, त्याला विचारा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, चार महिन्यांची बिलं अडकलीत, डिझेल कुठून घालू? बाहेर गाडीवरचा मुलगा उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, आमचा पगारच झाला नाही दोन महिने."

तिघंही खरं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. या तिघांना एकमेकांशी बांधणारा एक कागद असतो, तो म्हणजे करार. तो शेकडो पानांचा असतो, त्यावर आपल्या कराचे कोट्यवधी रुपये खर्च होतात, आणि आपल्यापैकी जवळपास कुणीही तो वाचलेला नसतो. कचऱ्याच्या बातम्यांत 'पीपीपी' हा शब्द सारखा येतो, म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी. ती कागदावर छान दिसते, मग प्रत्यक्षात वारंवार का फसते, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे.

पालिकेला भागीदार लागतोच कशाला?

कचरा उचलणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे पालिकेचं काम आहे. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतल्या कामांच्या यादीतही ते आहे. पूर्वी या कामाचा अर्थ सोपा होता: गावातून उचला, गावाबाहेर टाका. २००० साली केंद्राने नियम केले आणि २०१६ साली ते आणखी कडक केले. आता नुसतं टाकून चालत नाही, प्रक्रिया करावी लागते. ओल्याचं खत किंवा गॅस, सुक्याचा पुनर्वापर, आणि ज्याचं काहीच होत नाही तेवढंच शास्त्रोक्त पद्धतीने पुरायचं.

प्रक्रियेला प्रकल्प लागतो, प्रकल्पाला कोट्यवधी रुपये आणि तो चालवणारे जाणकार लागतात. बहुतेक पालिकांकडे दोन्ही नाही. इथे खासगी कंपनी येते.

साधा ठेका आणि भागीदारी यांत फरक आहे. गाड्या आणि माणसं पुरवायची, महिन्याला बिल घ्यायचं, हा ठेका. भागीदारीत कंपनी स्वतःचे पैसे घालून प्रकल्प उभारते, पंधरा-वीस-पंचवीस वर्षं चालवते, त्यातून गुंतवणूक वसूल करते आणि शेवटी तो पालिकेच्या ताब्यात देते.

गावाकडच्या माणसाला हे ऐकून अर्धेलीची शेती आठवेल. एकाची जमीन, दुसऱ्याचे बैल आणि मेहनत, पीक निम्मंनिम्मं. इथेही जमीन आणि कचरा पालिकेचा, यंत्रं आणि मेहनत कंपनीची. पण वाटून घ्यायला पीक कुठे आहे? मिश्र कचऱ्यातून निघालेल्या खतात काचेचे तुकडे आणि प्लास्टिकच्या चिंध्या असतील तर शेतकरी ते फुकटही नेत नाही. सुका कचरा वाळवून, चिरून केलेलं जळण सिमेंट कारखाने घेतात, पण भाव मिळतो जेमतेम आणि वाहतुकीतच तो संपतो. विक्रीतून खर्च निघत नाही, म्हणून पालिका कंपनीला दर टनामागे पैसे देते. त्याला टिपिंग फी म्हणतात. इथे अर्धेलीची उपमा सोडून पिठाच्या गिरणीकडे वळावं लागतं, कारण व्यवहार गिरणीसारखा होतो: दळण आणा, तोला, किलोमागे पैसे द्या.

दळणातले खडे

गिरणीत गहू न निवडता नेला तर गिरणीवाला डबा परत देईल. खड्यांनी त्याच्या गिरणीचे दगड खराब होतात. कचऱ्याच्या गिरणीवाल्याला डबा परत करणं अवघड असतं. शहराचा कचरा रोज यायचाच, आणि बहुतेक वेळा तो न निवडलेलाच येतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण दिल्लीतल्या तिमारपूरचं आहे. १९८७ साली तिथे कचरा जाळून वीज करणारा, रोज ३०० टन क्षमतेचा प्रकल्प डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने उभा राहिला. पैसा सरकारी होता, त्यामुळे ती भागीदारी नव्हती, पण धडा पुढच्या सगळ्या भागीदाऱ्यांना लागू पडतो. यंत्राला किलोमागे साधारण १४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता. आला तो ६०० ते ७०० वाला. आपल्या कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठं, उष्टं-खरकटं, फळांच्या साली, वर रस्त्याची माती. असा कचरा नीट पेटतच नाही, त्याला पेटतं ठेवायला वरून इंधन घालावं लागतं. प्रकल्प २१ दिवस चालला आणि बंद पडला.

"परदेशात जमतं, मग आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं बरंचसं उत्तर या २१ दिवसांत आहे. त्यांच्या कचऱ्यात कागद-पुठ्ठा आणि वेष्टनं जास्त, आपल्यात ओलं जास्त. शिवाय आपल्याकडे कागद, पुठ्ठा, चांगलं प्लास्टिक कचरावेचक आणि भंगारवाले आधीच काढून घेतात, आणि ते योग्यच आहे.

काट्यावर एकच आकडा

आता मुद्द्याचं. माझ्या मते या भागीदाऱ्यांचं दुखणं यंत्रात कमी आणि वजनकाट्यात जास्त आहे.

प्रकल्पाच्या दारात वजनकाटा असतो. भरलेली गाडी चढते, आकडा येतो, रिकामी होऊन परत चढते, पुन्हा आकडा येतो, वजाबाकी होते, पावती निघते आणि त्यावर बिल बनतं. ही पद्धत स्वच्छ आणि सोपी वाटते. पण त्या टनात काय होतं, हे काटा सांगत नाही.

याचे परिणाम एकेक करून पाहा. पावसाळ्यात कचरा भिजून जड होतो, म्हणजे पालिका पाण्याचेही पैसे मोजते. माती आणि राडारोडा हे कचऱ्यापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे ते मिसळून वजन फुगवल्याच्या तक्रारी राज्यातल्या अनेक शहरांत झाल्या आहेत. गोळा करणाऱ्याला टनावर पैसे मिळत असतील तर कचरावेचकाने पुठ्ठा काढून नेला की त्याचं नुकसान. एखाद्या सोसायटीने ओल्याचं खत घरच्या घरी केलं, तरीही त्याचंच नुकसान. ओला-सुका वेगळा ठेवायचा म्हणजे गाडीत दोन कप्पे, दोन फेऱ्या, जास्त वेळ; आणि मोबदला तोच.

प्रक्रियेच्या बाजूला आणखी एक फट आहे. आत आलेल्या कचऱ्यावर पैसे मिळत असतील, तर त्यावर प्रक्रिया झाली की तो मागच्या आवारात नुसता रचला गेला, याने बिलात फरक पडत नाही. प्रकल्प 'चालू' असतो आणि त्याच्या पाठीमागे डोंगरही वाढत असतो. म्हणून आत येणाऱ्याइतकंच बाहेर जाणाऱ्याचं वजन महत्त्वाचं: खत किती विकलं, जळण किती गेलं, आणि उरलेलं, ज्याचं काही होत नाही असं, किती पुरलं.

कराराची आणखी एक अट सामान्य माणसाला कळली तर धक्का बसेल. तिला किमान हमी म्हणतात. पालिका लिहून देते, रोज अमुक टन कचरा देईन. कमी पडला तरी तेवढ्याचे पैसे देईन. म्हणजे गिरणीवाल्याला आपण म्हणतो, रोज पन्नास किलोचं दळण पाठवतो, नाही पाठवलं तरी पन्नासचे पैसे तुझे. कंपनीच्या बाजूने ही मागणी वाजवी आहे. कच्च्या मालाची हमी नसेल तर बँक कर्ज देणार नाही आणि प्रकल्प उभाच राहणार नाही. पण २०१६च्या नियमांनी सांगितलं होतं की पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा. नियम म्हणतो कचरा कमी पाठवा, करार म्हणतो कमी पाठवलात तर दंड. शहर जितकं शहाणं होईल तितका त्याचा तोटा, अशी ही अट पंचवीस वर्षं गळ्यात पडू शकते.

"पण लोकच कचरा वेगळा करत नाहीत!"

हा आक्षेप खरा आहे आणि मला तो झटकून टाकायचा नाही. आमच्या इमारतीत बत्तीस घरं आहेत, त्यांतली फार तर वीस नियमाने ओला-सुका वेगळा ठेवतात. खोकल्याच्या औषधाची बाटली, डायपर, पोळीचे तुकडे, सगळं एका पिशवीत बांधणारे सुशिक्षित लोक मी रोज पाहतो.

सहा दिवसांनी गाडी आली तेव्हा मी दोन बादल्या घेऊन खाली उतरलो. त्या मुलाने दोन्ही एकाच खणात पालथ्या केल्या. मी विचारलं तर ओशाळून म्हणाला, "काका, काट्यावर एकच आकडा येतो."

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माणसं शिस्त सोडतात त्याचं एक मोठं कारण हेच दृश्य आहे. घरात वेगळा ठेवलेला कचरा डोळ्यांदेखत एक झाला की पुढच्या आठवड्यात पाच घरं कमी होतात. मिश्र कचऱ्याचा धोका कुणी उचलायचा, हे करारात नीट लिहिलेलं नसतं. कंपनी म्हणते, आम्हाला वेगळा केलेला कचरा मिळेल असं सांगितलं होतं. पालिका म्हणते, नागरिक देत नाहीत. नागरिक म्हणतात, गाडीत मिसळतो. पुढे हाच मुद्दा लवादापुढे जातो आणि तोवर कचरा साचत राहतो.

जमीन, गाव आणि न्यायालय

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतल्या डेपोत जात होता. तिथे २०१०च्या आसपास रोज एक हजार टन क्षमतेचा खासगी प्रकल्प उभा राहिला. तो पूर्ण क्षमतेने काही चालला नाही. ज्या लोकांच्या विहिरी काळ्या पडल्या होत्या, ज्यांच्या घरात माश्यांमुळे ताट झाकून जेवावं लागत होतं, त्यांना प्रकल्प आला म्हणजे त्रास संपेल असं सांगितलं गेलं होतं. तो संपला नाही. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या, आणि प्रत्येक वेळी पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला. औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी गाड्या बंद केल्या तेव्हा सगळं शहर कित्येक आठवडे कुजत राहिलं. गाव हा या भागीदारीतला तिसरा पक्ष असतो. करारावर त्याची सही नसते, पण त्रास त्याचाच असतो.

मुंबईत गोष्ट जमिनीच्या कागदांपाशी अडली. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. २००९ मध्ये तिथे प्रक्रिया आणि काही भाग शास्त्रोक्त बंद करण्याचं काम एका कंपनीला दीर्घ मुदतीवर दिलं गेलं. जमिनीच्या भाडेपट्ट्याचे कागद हा वादाचा एक मोठा मुद्दा झाला, काम रखडलं, करार मोडला आणि प्रकरण लवादाकडे गेलं. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. ते २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनेच सुटले.

आता कांजूरमार्ग पाहा. मुंबईचा जवळपास नव्वद टक्के कचरा आज तिथे जातो, तोही दीर्घ मुदतीच्या खासगी करारावर. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला आणि पालिकेला तीन महिने दिले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याचा निकाल काहीही लागो, एका कोट्यवधी लोकसंख्येच्या शहराने आपला जवळजवळ सगळा कचरा एका जागी, एका करारावर आणून ठेवला आहे, ही गोष्ट मला भीतिदायक वाटते. उद्या तो दरवाजा बंद झाला तर दुसरा कोणता, याचं उत्तर कराराच्या कोणत्याही कलमात मिळणार नाही.

पैसे

याबद्दल थोडक्यात. जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला, आता बऱ्याच पालिकांची मदार राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आणि मालमत्ता करावर आहे. हप्ता लांबला की सगळ्यांत आधी थकतं ते कचऱ्याचं बिल, आणि बिल थकलं की सगळ्यांत आधी थांबतो तो गाडीवरच्या मुलाचा पगार. घराघरातून शुल्क घ्या, असं नियम सांगतात. पण २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने शुल्काचा मसुदा लोकांपुढे ठेवला तेव्हा मोठा विरोध झाला. लोकांचा राग मी समजू शकतो. सेवा न सुधारता शुल्क लावणं अन्यायच आहे. पण कचरा फुकट जिरत नाही, हेही खरं.

"मग पालिकेनेच का करू नये?"

करावं, जिथे जमतं तिथे जरूर. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा बारीक वर्गवारीत वेगळा करून डम्पिंगच्या जागेचं असं रूप पालटलं की लोक ती बघायला यायला लागले. पण ते छोटं गाव होतं आणि तिथे रोज सकाळी रस्त्यावर उतरणारा अधिकारी होता. दहा-वीस लाखांच्या शहरात एवढ्यावर भागत नाही.

शिवाय 'खासगी स्वस्त पडतं' हा हिशेब कशावर उभा आहे, तेही पाहायला हवं. मुंबईतल्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, असा आदेश एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. ही माणसं वर्षानुवर्षं कायम कामगारांसारखंच काम कितीतरी कमी मोबदल्यात करत होती. ठेक्यातली बचत अनेकदा कार्यक्षमतेतून येत नाही, हातमोजे, सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपण यांतून येते. म्हणून 'सरकारी की खासगी' या वादापेक्षा पैसे कशाचे मोजायचे, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

जिथे जमलं, तिथे काय मोजलं?

इंदूरने आधी घराघरातला कचरा वेगळा करून घेतला, काही वर्षं त्यावर घाम गाळला, आणि मग भागीदार आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला. कंपनी उलट पालिकेलाच वर्षाला अडीच कोटी रुपये देते, आणि निम्मा गॅस शहराच्या बससेवेसाठी आहे. निवडलेला गहू असेल तर गिरणीवाला पैसे मागत नाही, देतो. अनेक शहरं नेमकं उलटं करतात: आधी प्रकल्पाचं उद्घाटन, मग वर्गीकरणाची मोहीम.

पिंपरी-चिंचवडच्या मोशीत ऑगस्ट २०२३ मध्ये कचऱ्यापासून १४ मेगावॅट वीज करणारा भागीदारीतला प्रकल्प सुरू झाला. ती वीज पालिकाच ठरलेल्या दराने घेते. म्हणजे पैशाचा एक भाग आत आलेल्या टनावर न राहता बाहेर पडलेल्या युनिटवर येतो. जाळण्याबद्दलचे माझे आक्षेप मिटलेले नाहीत, धूर आणि राखेवर सतत नजर हवीच. पण मोजमापाची दिशा बरोबर आहे.

पुण्याचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. इथे खासगी भागीदार म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन फिरलेल्या बायकाच. घरटी शुल्क त्यांना मिळतं आणि सुक्या कचऱ्यावर हक्क त्यांचा. त्यामुळे कचरा वेगळा असण्यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो. भंगारच्या दुकानातला काटा प्रकल्पाच्या काट्यासारखा आंधळा नसतो. तिथे पुठ्ठा वेगळा तोलतात, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी, पत्रा वेगळा, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ओल्याने भिजलेला पुठ्ठा दुकानदार घेत नाही, म्हणून मावशी आपल्याला दारातच टोकतात. या व्यवस्थेलाही अडचणी आहेत. काही घरं शुल्क बुडवतात, करार संपला की काम मुदतवाढीवर लोंबकळत राहतं, मोठ्या गाड्यांच्या निविदांपुढे त्यांना पुन्हा पुन्हा आपलं काम सिद्ध करावं लागतं.

आपल्या शहराचा करार वाचताना

करार हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. २०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, म्हणजे असे अनेक निर्णय नगरसेवकांच्या चर्चेविना झाले; त्यामुळे वाचणं अधिकच गरजेचं आहे. माहिती अधिकारात प्रत मागता येते. शेकडो पानं पाहून दडपून जायचं कारण नाही, आधी चार गोष्टी शोधा. मोबदला नेमका कशावर आहे, आत आलेल्या टनावर की प्रक्रिया होऊन बाहेर गेलेल्या मालावर? किमान हमी किती, आणि शहराचा कचरा घटला तर ती घटते का? बिल थकलं तरी कामगारांचा पगार सुरू राहील यासाठी वेगळं खातं आहे का? आणि काट्याच्या नोंदी तपासणारा माणूस कुणाचा आहे, कंपनीचा, पालिकेचा, की दोघांबाहेरचा?

आमच्या भागातल्या पाच जणांनी मिळून वर्षभराच्या वजनपावत्या मागितल्या होत्या. पहिल्या तीन महिन्यांच्या मिळाल्या आहेत, अस्पष्ट झेरॉक्स, पण आकडे वाचता येतात. जुलैचे आठवडे एका रकान्यात, मेचे दुसऱ्या रकान्यात, असे आम्ही ते वहीत उतरवतोय. घंटागाडी बंद होती त्या सहा दिवसांच्या पावत्या अजून यायच्या आहेत.